हाव म्हणजे हो

"बुद्धी तपासायची तं उपाशीपोटी यायचं का जेवून?"

हा प्रश्न नोकरीत मला इतक्यांदा विचारला गेला की शेवटी मी 'जेवून या' असं खोलीच्या दारावरच लिहून लावलं. लोकांचा तरी काय दोष? बुलडाण्याच्या सरकारी दवाखान्यात माझ्या एका बाजूला रक्त तपासायचे, दुसऱ्या बाजूला डोळे, आणि मधल्या खोलीत बुद्धी. तिकडे साखर किती निघाली ते कळायचं, इकडे बुद्धी किती निघाली ते. एखादा बाप कागद उलटसुलट करून बघायचा आणि काळजीनं विचारायचा, की एवढी कमी निघाली तर गोळ्यांनी वाढेल का सुई घ्यावी लागेल.

मी मानसशास्त्रज्ञ. हा शब्द आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कोणी पूर्ण उच्चारल्याचं मला आठवत नाही. मी सगळ्यांची 'डोक्यावाल्या मॅडम'. आता निवृत्त होऊन चिखलीला राहते, तरी बाजारात गेले की भाजीवाली शेजारणीला हळूच सांगते, या मॅडमपुढं जपून बोल, डोकं मोजते. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मला सगळ्यात आधी देवराव आप्पांचं लग्न आठवलं. ते होणार का मोडणार हे एका दिवसापुरतं माझ्या हातात होतं. माझ्या म्हणजे माझ्या आणि एका बोलणाऱ्या टॅबच्या. पण ते सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगायला हवा.

आमच्याकडे एक पेटी असते. तिच्यात रंगीत ठोकळे, चित्रांचे पुठ्ठे आणि प्रश्नांचं पुस्तक. ठोकळे चित्राप्रमाणे लावायचे, चित्रात काय कमी आहे ते ओळखायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. प्रत्येकाला गुण. मग वयाप्रमाणे तक्त्यात बघायचं, की एक आकडा मिळतो, त्याचं नाव बुद्ध्यांक. प्रमाणपत्र, सवलत, कोणत्या शाळेत घालायचं, सगळं त्या आकड्यावर. नियम कडक. प्रश्न पुस्तकातल्याच शब्दांत विचारायचा, समजावून सांगायचा नाही, आणि उत्तर ऐकून हसायचं तर अजिबात नाही. हा शेवटचा नियम मी फार वेळा मोडला.

बीबी गावची एक बाई आठवते. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला होता आणि पहिल्यासारखं कळतं का ते पाहायला तिला माझ्याकडे पाठवलं होतं. पुस्तकात प्रश्न होता, विळा आणि कात्री यांच्यात सारखेपणा काय? दोन्ही कापण्याची साधनं, असं म्हटलं की पूर्ण गुण. बाईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "दोन्ही बी शेजारीन घेऊन गेली का वापस येत नाहीत." पुस्तकाप्रमाणे शून्य. माझ्या मते बाई खडखडीत बरी झाली होती.

एक साहेबही आले होते, स्वतःचा बुद्ध्यांक काढून घ्यायला. घरी दाखवायचा आहे म्हणाले. बायको सोबत होती, ती बाकावर बसून स्वेटर विणत होती. आकडा अगदी मध्यावर आला, चारचौघांचा येतो तसा. साहेबांना ते पटेना. पेटीत गडबड आहे, झोप झाली नव्हती, परत घ्या. बाईंनी विणता विणताच मला विचारलं, पेटी बरोबर आहे ना? मी हो म्हणाले. मग त्या शांतपणे दुसऱ्या रंगाची लोकर काढू लागल्या.

लोक विचारायचे, मॅडम, बुद्धी म्हणजे नेमकं काय? पुण्यात शिकत असताना हाच प्रश्न मी आमच्या सरांना विचारला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फळ्यावर पुढचा विषय लिहिला. आमच्याकडच्या लोकांनी मात्र हे काम केव्हाच वाटून ठेवलंय. हुशार वेगळा, चलाख वेगळा, बेरकी वेगळा, डोकेबाज वेगळा. 'लय शहाणा हाय' ही तर शिवीच. एकच माणूस शेतात हुशार, सोयरिकीत ढ आणि निवडणुकीत बेरकी असू शकतो. आणि मी त्या सगळ्याचा मिळून एक आकडा काढायची, त्याचा पगार घ्यायची.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, ते पुढे लागेल. मी मूळची चिखलीजवळच्या उंद्रीची. होस्टेलवर पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, जेवायला येतेस का? मी म्हणाले, हाव. आमच्याकडे हाव म्हणजे हो. पुण्यात हाव म्हणजे लोभ. खोलीभर हशा पिकला आणि पुढे सगळं वर्ष मला ताटात काही वाढलं की मुली विचारायच्या, किती गं हाव तुला. तेव्हा मी जीभ घासूनपुसून 'मला', 'तुला', 'हो' करून घेतलं. गावी आले की एसटी चिखलीच्या स्टँडवर शिरायच्या आत ते सगळं गळून पडायचं.

निवृत्तीला थोडा अवकाश असताना टॅब आला. म्हणे आता पेटी नको. टॅबच प्रश्न विचारणार, उत्तर ऐकणार, लिहून घेणार, गुण देणार आणि शेवटी स्वभावाचं विश्लेषणसुद्धा छापून देणार. तो समजावून द्यायला पुण्याहून एक नीटनेटका तरुण आला होता. मॅडम, ही अतिशय बुद्धिमान यंत्रणा आहे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, किती? तो गोंधळला. मी म्हटलं, या खोलीत बुद्धिमान म्हणून चालत नाही, आकडा लागतो. आणि पेटी उघडली.

टॅबमध्ये एका बाईचा आवाज होता, गोड, स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन वाळवलेलं. विळा आणि कात्री? दोन्ही कापण्याची साधने आहेत, आणि वर न विचारलेले आणखी पाचसहा सारखेपणा. शब्दांचे, गणिताचे, पाठांतराचे पैकीच्या पैकी. तक्त्यात एवढ्या गुणांची ओळच नव्हती. मग मी ठोकळे पुढे ठेवले. तरुण म्हणाला, मॅडम, तिला हात नाहीत. आमच्या नियमांप्रमाणे हात नसलेल्याचा वेगळा अर्ज भरावा लागतो. म्हणजे यंत्र एकाच दिवशी महाबुद्धिमान ठरलं आणि सवलतीच्या प्रमाणपत्रालाही पात्र निघालं.

माझ्या खोलीत परिचर म्हणून रझिया आपा होत्या. मूळच्या चिखलीच्या, दवाखान्यात माझ्याहून जुन्या. त्या सगळं दारातून बघत होत्या. त्यांनी मला सांगितलं, तिला पुस्तकाबाहेरचं काही विचारा. मी विचारलं, शेजारणीनं विळा नेलाय आणि देत नाही, काय करू? टॅब म्हणाला, शेजारणीशी स्नेहपूर्ण संवाद साधावा. आपांनी मान हलवली. "हिचा विळा अजून कोनी नेला नाही," त्या म्हणाल्या, आणि चहा सांगायला गेल्या.

देवराव आप्पा आले ते टॅब येऊन थोडेच दिवस झाले असताना. उंद्रीकडच्या एका गावातले शेतकरी, सत्तरी ओलांडलेले, ताठ, आवाज असा की रक्त तपासायच्या खोलीतली माणसं वळून बघायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सोबत मोठा मुलगा गजानन. मुलानं बापाला खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यादेखतच सांगायला लागला, की बुढा भ्रमला आहे. मिशीला काळं लावतो. आरशासमोर उभा राहतो. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे, गावात चक्की असताना रोज अर्धा किलोचं दळण घेऊन जीपनं चिखलीला जातो. घरात पिठाला डबे उरले नाहीत.

चिखलीच्या त्या चक्कीच्या मालकीण कुसुमबाई. विधवा, साठीच्या. आप्पांना त्यांच्याशी लग्न करायचं होतं आणि कुसुमबाईंना चालणार होतं. पण त्यांच्या भावाच्या कानावर गजाननचं बोलणं गेलं होतं, की बापाचं डोकं ठिकाणावर नाही. भावानं निरोप धाडला, डोकं शाबूत असल्याचा दवाखान्याचा कागद आणा, नाहीतर विषय बंद. म्हणून बापलेक दोघंही माझ्याकडे आले होते, एकाच जीपनं, एकाच कागदासाठी. फक्त त्यावर काय लिहिलेलं असावं याबाबत मतभेद होते.

वरून हुकूम होता, त्या महिन्यात सगळ्या चाचण्या टॅबवरच घ्यायच्या. मी तो आप्पांसमोर उभा केला. "नमस्कार. आपले स्वागत आहे," टॅब म्हणाला.

आप्पा दचकले आणि मुलाकडे वळले. "काय बे गजा, कोन बोलून राह्यलं?"

पडद्यावर उमटलं, 'काय २ गज'. बे म्हणजे दोन, हे टॅब पाढ्यात शिकून आला होता. गजा म्हणजे त्याला कापड मोजायचा गज वाटला असावा. मग त्यानं विचारलं, आपण चाचणीसाठी तयार आहात का? आप्पा म्हणाले, हाव. सूचना नीट समजल्या का? हाव. पुढे जाऊ या का? हाव, हाव. आज कोणता वार आहे? आप्पा म्हणाले, बजाराचा. त्या दिवशी उंद्रीकडे खरंच बाजार होता आणि आमच्याकडे निम्मी माणसं वार तसाच सांगतात. टॅबनं लाल फुली मारली.

पुढे त्यानं कमळ, जहाज आणि टोपी हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मध्ये दुसरं काहीबाही विचारून झालं आणि तो म्हणाला, आता ते शब्द सांगा. आप्पा जरा चिडलेच. कमळ आपल्याकडे होत नाही, जहाज मी जन्मात पाहिलं नाही, आणि टोपी या गजानं घाईत घालू दिली नाही म्हणून डोक्याला ऊन लागलं, असं त्यांनी एका दमात सुनावलं. तिन्ही शब्द बरोबर, ओळीनं. टॅबनं नोंदवलं, 'व्यक्तीने तिन्ही वस्तू नाकारल्या.'

अहवाल छापून आला तो मी अजून विसरले नाही. व्यक्ती असंबद्ध मोजमापे सांगते. कालभान नाही. वस्तूंबद्दल नकारात्मक भावना. आणि खाली ठळक अक्षरांत, 'बोलण्यात हाव या भावनेचा वारंवार उल्लेख. लोभी वृत्तीची दाट शक्यता.'

गजाननानं कागद ओढून घेतला. हाव म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, जन्मल्यापासून तो तेच बोलतोय. पण छापून आलेल्या शब्दाची गोष्टच निराळी असते. त्याचा चेहरा उजळला. "पाहा मॅडम," तो म्हणाला, "मशीननं बी वळखलं. या वयात लग्नाची हाव."

मी त्याला विचारलं, गजानन, तुम्ही शेती करता का? तो म्हणाला, हाव. टॅब चालूच होता. पडद्यावर ते उमटलं आणि मी बोट ठेवून त्याला दाखवलं. रझिया आपा तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

टॅबला हसून झालं. मी पेटी काढली, स्वतः समोर बसले आणि नियम बाजूला ठेवून आमच्या बोलीत प्रश्न विचारले. मला वाटलं होतं, आता आप्पा चमकतील. तसं झालं नाही. आप्पा दुसरीत शाळा सोडलेले. ठोकळे पाहून त्यांनी विचारलं, हे कशाला करायचं? विळा-कात्रीला म्हणाले, दोन्ही घरात धारेचे पाहिजेत. उलटे आकडे म्हणता म्हणता मध्येच थांबून त्यांनी मला चहा झाला का विचारलं. मी गुणांची बेरीज केली, तक्ता पाहिला, आणि आकडा सर्वसाधारण बुद्धीच्या रेषेखाली आला. फार नाही, पण खालीच.

टॅबला भाषा कळली नाही म्हणून त्यानं माणूस चुकीचा वाचला, हे मी मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. माझ्या पेटीला भाषा कळली होती, तरी तिनं जवळपास तेच सांगितलं, फक्त सभ्य शब्दांत. तो आकडा कागदावर लिहिला असता तर चिखलीच्या भावानं तो वाचला असता आणि आप्पांचं दळण त्या दिवसापासून गावातल्या चक्कीवर गेलं असतं. हे लग्न या आकड्यावर मोडावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, पण पेटीच्या बाहेरचं मला तरी कुठं काय मोजता येत होतं.

मी पुस्तक मिटलं. आप्पांना म्हटलं, आता माझा स्वतःचा एक प्रश्न. तुम्हाला लग्न कशाला करायचंय?

आप्पांनी उत्तर देण्याऐवजी टॅबकडे बोट दाखवलं. म्हणाले, ही बाई बरी आहे. मला वाटलं, झालं, गजाननचंच खरं. पण आप्पा पुढे बोलले, नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, जरा खाली.

"हिनं मले इचारलं, तयार हाय का, समजलं का, पुढं जाऊ का. घरात मले कोनी इचारत नाही, मॅडम. ताट समोर येते, भूक हाय का इचारत नाहीत. दवाखान्यात आनलं, येता का इचारलं नाही. मी हाव म्हनाव असं कोनी काई इचारतच नाही. कुसुम इचारते. पीठ बारीक पाह्यजे का, ऊन लागलं का, पानी पेता का. मंग मी रोज जातो."

गजानन जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा, मले सांगाचं न."

"तू इचारलं काऊन नाही बे?" आप्पा म्हणाले. टॅबनं वाक्याच्या शेवटी २ लिहिलं.

मग मी कागद लिहिला. आकडा लिहिला नाही, कारण भावानं आकडा मागितला नव्हता, डोकं शाबूत आहे का ते विचारलं होतं. लिहिलं की देवराव यांना लग्न म्हणजे काय, ते कोणाशी आणि कशासाठी करायचं आहे, हे पूर्ण कळतं, आणि तो निर्णय घ्यायला ते समर्थ आहेत. नोकरीतला एवढा स्पष्ट कागद मी दुसरा लिहिला नाही. सही करताना हातात थोडी मस्तीच आली होती.

शिक्का मारते तोच दारात कुसुमबाई. त्या सकाळपासूनच दवाखान्याच्या आवारात येऊन बसल्या होत्या, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आप्पांनाही नव्हतं. अंगावर धुतलेलं लुगडं, पण कोपरापर्यंत पिठाची पांढरी छटा, ती बहुतेक आता धुऊन जात नसावी. माझा कागद त्यांनी हातात घेतला, वाचला नाही, घडी करून पिशवीत टाकला.

"हा माह्या भावासाठी," त्या म्हणाल्या. "मले याच्याशी काई घेनं नाही. मले यायलेच एक इचारायचं हाय."

त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या. रोज अर्धा अर्धा किलो दळून माझ्या चक्कीचे दगड झिजले, असं त्यांनी आधी ऐकवलं. मग म्हणाल्या, "आता दळनाचं निमित्त बंद करा. यायचंच हाय तं माह्यासंग चक्कीवर बसान का, कायमचे?"

ज्यांचा आवाज पलीकडच्या खोलीत जायचा त्या आप्पांनी मान खाली घातली. गजानन समोर, मी समोर, दारात रझिया आपा. आप्पा काहीतरी पुटपुटले. समोरच असलेल्या मलाही ते धड ऐकू आलं नाही.

टॅब बंद करायचा राहूनच गेला होता. "क्षमस्व," टॅबमधली बाई म्हणाली, "आवाज स्पष्ट आला नाही. कृपया आपले उत्तर पुन्हा सांगा."

आप्पांनी मान वर केली. मिशीवरून हात फिरवला, कुसुमबाईंकडे बघितलं आणि रक्त तपासायच्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाव, बाई. हाव."

"धन्यवाद," टॅबमधली बाई म्हणाली. "आपले उत्तर नोंदवले आहे."